राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच टर्म दिली तर? फेरनिवडणुकीचा प्रचार आणि अमेरिकेतला २०० वर्षांहून जुना वाद

२० जानेवारी २०१७ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी त्यांच्या वतीने तिथल्या फेडरल इलेक्शन कमिशनकडे एक अर्ज दाखल झाला. तो होता २०२० च्या निवडणुकीसाठीचा. म्हणजे पहिल्या टर्मचा पहिला दिवस संपायच्या आत दुसऱ्या टर्मची कागदपत्रं तयार होती. महिनाभरात, १८ फेब्रुवारीला, फ्लोरिडातल्या मेलबर्न शहरात त्यांची पहिली प्रचारसभाही झाली.

ट्रम्प यांनी हे फारच लवकर केलं, पण ही सवय त्यांच्यापुरती नाही. पहिल्या टर्ममधला जवळपास प्रत्येक अमेरिकी राष्ट्राध्यक्ष पुढच्या निवडणुकीकडे एक डोळा ठेवूनच काम करत असतो. म्हणूनच तिथे एक सूचना पुन्हा पुन्हा पुढे येते : राष्ट्राध्यक्षाला चार-चार वर्षांच्या दोन टर्मऐवजी सहा वर्षांची एकच टर्म द्या. पुन्हा निवडून यायचंच नसेल, तर तो प्रचारात वेळ घालवणार नाही आणि देशाच्या हिताचे कडू निर्णयही घेईल.

ऐकायला हे बरोबर वाटतं. मग इतक्या वर्षांत हा बदल का झाला नाही? आणि ज्या देशांनी तो करून पाहिला, तिथे काय झालं?

टर्मच्या लांबीवरून एवढा वाद का?

भारतात पंतप्रधानाची मुदत पक्की नसते. लोकसभेत बहुमत आहे तोवरच सरकार टिकतं. एप्रिल १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचं सरकार अवघ्या एका मताने पडलं होतं. भारताच्या राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची असली, तरी प्रत्यक्ष कारभार मंत्रिमंडळ चालवतं.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथला राष्ट्राध्यक्ष हाच देशाचा प्रमुख आणि हाच सरकारचा प्रमुख. त्याच्यावर अविश्वास ठराव आणता येत नाही. महाभियोगाची तरतूद आहे, पण पदावरून काढण्यासाठी सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला त्या मार्गाने पदावरून काढता आलेलं नाही.

म्हणजे निवडणुकीची तारीख हाच मतदारांच्या हातातला लगाम. तो दर चार वर्षांनी ओढायचा की सहा वर्षांनी, आणि तो ओढायची संधी एकाच माणसावर दोनदा मिळावी की एकदाच, हा खरा वाद आहे.

सध्याचा नियम काय आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाची टर्म चार वर्षांची असते. बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा या पदावर निवडून येता येत नाही. दुसऱ्या कोणाची टर्म अर्धवट राहिली आणि उपाध्यक्षाने त्यातली दोन वर्षांहून जास्त सांभाळली, तर पुढे त्याला एकदाच निवडून येता येतं. थोडक्यात, कमाल मर्यादा दहा वर्षांची.

हा नियम सुरुवातीपासून नव्हता. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दोन टर्मनंतर १७९७ मध्ये स्वतःहून बाजूला झाले. पुढे थॉमस जेफरसन यांनीही तेच केलं आणि तो प्रघात पडला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९४० मध्ये तिसऱ्यांदा आणि १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडणूक जिंकून तो मोडला. १२ एप्रिल १९४५ रोजी पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोन वर्षांत काँग्रेसने घटनादुरुस्ती मंजूर केली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये ती लागू झाली.

राज्यघटना लिहितानाच पडलेला प्रश्न

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना तयार होत होती. राष्ट्राध्यक्षाला किती वर्षं द्यावीत, यावर प्रतिनिधींचं काही केल्या एकमत होत नव्हतं. जूनच्या सुरुवातीला सात वर्षांची एकच टर्म असा निर्णय झालाही होता. पुढे चर्चा इतकी लांबली की कोणी अकरा वर्षं सुचवली, कोणी पंधरा, तर एकाने थेट वीस.

एकच टर्म असावी असं वाटण्यामागे ठोस कारण होतं. तेव्हाच्या मसुद्यात राष्ट्राध्यक्षाची निवड संसदेने करायची होती. त्याला पुन्हा निवडून यायची मुभा दिली, तर तो संसदेतल्या सदस्यांची मर्जी सांभाळत बसेल, अशी भीती होती. सप्टेंबरमध्ये निवडीचं काम संसदेकडून काढून राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांकडे गेलं. भीतीचं कारण संपलं, आणि चार वर्षांची टर्म व फेरनिवडीची मुभा असं आजचं सूत्र ठरलं.

फेरनिवडीच्या बाजूने सर्वांत ठाम मांडणी केली अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं : चांगल्या कामाचं बक्षीस मिळेल ही आशा माणसाला नीट वागायला लावते. ती आशाच काढून घेतली, तर चांगला माणूस ढिला पडेल आणि लोभी माणूस मिळालेल्या वेळात हात धुऊन घेईल. शिवाय अनुभवी माणसाला नेमक्या गरजेच्या वेळी घरी पाठवावं लागेल.

२०० वर्षांनंतरही या वादातले दोन्ही बाजूंचे मुद्दे फारसे बदललेले नाहीत.

फेरनिवडणुकीच्या प्रचाराने नेमकं काय बिघडतं?

सर्वांत आधी जातो तो वेळ. चार वर्षांच्या टर्ममध्ये पहिले काही महिने माणसं नेमण्यात जातात. दोन वर्षांनी काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुका येतात. तिसऱ्या वर्षी उमेदवारीची तयारी आणि निधी गोळा करणं सुरू होतं. चौथं वर्ष तर प्रचाराचंच. निवांतपणे मोठं काम करायला दीड-दोन वर्षंच उरतात.

नियमही आडवे येत नाहीत. आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते आणि नव्या योजनांच्या घोषणा थांबतात. अमेरिकेत तशी आचारसंहिता नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या राजकीय कामावर बंधनं घालणारा १९३९ चा हॅच कायदा आहे, पण राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष त्यातून वगळलेले आहेत. प्रचारदौऱ्यालाही ते सरकारी विमानानेच जातात. खर्चाचा काही भाग प्रचार समितीने सरकारला द्यायचा असतो.

दुसरं नुकसान होतं निर्णयांचं. लोकप्रिय निर्णय निवडणुकीच्या आधी घ्यायचे आणि कडू निर्णय नंतरवर ढकलायचे, हा मोह सगळीकडेच असतो. अमेरिकेत निवडणुकीची तारीख कायद्यानेच ठरलेली आहे, त्यामुळे हे गणित चार वर्षं आधीपासून मांडता येतं. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी १९७५ मध्ये निवडणुकीच्या तालावर चालणाऱ्या या अर्थकारणाचा सिद्धांत मांडला. त्याला ‘राजकीय व्यापारचक्र’ म्हटलं जातं.

मार्च २०१२ मध्ये सोलमध्ये बराक ओबामा आणि रशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेदवेदेव यांच्यातलं बोलणं चालू राहिलेल्या माइकमुळे बाहेर आलं. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या प्रश्नावर निवडणुकीनंतर आपल्याला जास्त मोकळीक असेल, असं ओबामा सांगत होते. विरोधकांनी त्यावर रान उठवलं. पण पहिल्या टर्ममधला राष्ट्राध्यक्ष कसा विचार करतो, हे त्या एका वाक्यात दिसलं.

तिसरं नुकसान भूगोलाचं आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांचा कौल आधीच माहीत असतो. निकाल ठरतो तो मोजक्या काठावरच्या राज्यांत, म्हणजेच ‘स्विंग स्टेट्स’मध्ये. केंद्राच्या अनुदानांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना निवडणूक जवळ आली की या राज्यांकडे पैशाचा ओघ वाढताना दिसला आहे.

चौथं नुकसान विश्वासाचं. जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये, पदावर असतानाच, सहा वर्षांच्या एका टर्मला पाठिंबा दिला होता. आपण काहीही केलं तरी ते देशासाठी केलं की प्रचारासाठी, असा संशय लोकांना येतो, अशी त्यांची तक्रार होती.

१९७२ : सर्वांत गडद उदाहरण

फेरनिवडणुकीची हाव किती लांब नेते, हे रिचर्ड निक्सन यांच्या काळात दिसलं.

१९७२ च्या निवडणुकीआधी निक्सन मध्यवर्ती बँकेचे प्रमुख आर्थर बर्न्स यांच्यावर पैसा स्वस्त ठेवण्यासाठी दबाव आणत होते. व्हाइट हाउसमधल्या ध्वनिफितींतून हे पुढे आलं. त्याच वर्षी सोशल सिक्युरिटी, म्हणजे वृद्धांना मिळणाऱ्या पेन्शनमध्ये २० टक्के वाढ झाली. ही वाढ काँग्रेसने मंजूर केली होती. वाढीव रकमेचे चेक ऑक्टोबरमध्ये, मतदानाच्या तोंडावर, घरोघरी पोहोचले. त्याचा भार उचलणारी पगारावरची करवाढ मात्र पुढच्या जानेवारीत लागू झाली.

दुसरीकडे, निक्सन यांच्या फेरनिवडीसाठी स्थापन झालेल्या समितीशी संबंधित माणसं १७ जून १९७२ च्या पहाटे विरोधी पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतल्या कार्यालयात शिरताना पकडली गेली. नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. पण हे प्रकरण दडपण्याचे प्रयत्न उघड झाले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

सहा वर्षांच्या टर्मचे समर्थक म्हणतात : फेरनिवडणूकच नसती, तर ती समिती नसती, ती चोरीही नसती.

फेरनिवडणुकीवर पाणी सोडणारेही होते

जेम्स पोक यांनी १८४४ मध्ये एकच टर्म करण्याचं वचन दिलं आणि ते पाळलं. आयात कर कमी करणं, सरकारी खजिन्याची स्वतंत्र व्यवस्था, ओरेगॉनचा प्रश्न आणि कॅलिफोर्निया मिळवणं ही त्यांची उद्दिष्टं चार वर्षांत पूर्ण झाली. अर्थात त्यासाठी मेक्सिकोशी युद्ध झालं आणि नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नाही हा वाद पेटला. म्हणजे फेरनिवडणूक डोक्यात नसली की काम वेगाने होतं. ते काम चांगलंच असेल, याची हमी मात्र मिळत नाही.

लिंडन जॉन्सन यांचं उदाहरण जास्त बोलकं आहे. व्हिएतनाम युद्ध चिघळलेलं असताना ३१ मार्च १९६८ रोजी त्यांनी टीव्हीवरून दोन घोषणा एकत्र केल्या. उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरचे बॉम्बहल्ले थांबवणार आणि आपण पुन्हा उमेदवार नसणार. देश अशा संकटात असताना पक्षीय कामाला आपला एक तासही देणं बरोबर नाही, असं कारण त्यांनी दिलं. पक्षांतर्गत विरोध वाढत होता, हेही खरं. पण युद्ध आणि प्रचार एकाच वेळी नीट करता येत नाहीत, हे एका राष्ट्राध्यक्षाने तेव्हा उघडपणे मान्य केलं.

१९१३ : बदल जवळजवळ झालाच होता

एकाच टर्मची मागणी अनेक राष्ट्राध्यक्षांनी केली. अँड्र्यू जॅक्सन यांनी १८२९ मध्ये चार किंवा सहा वर्षांची एकच टर्म सुचवली. १८३२ मध्ये ते स्वतः मात्र दुसऱ्यांदा निवडून आले. रदरफर्ड हेज यांनी १८७७ मध्ये शपथविधीच्या भाषणातच सहा वर्षांच्या एका टर्मची मागणी केली. दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांनी १८६१ मध्ये केलेल्या घटनेत तर हीच तरतूद होती.

मूळ अमेरिकेत हा बदल सर्वांत जवळ आला तो १९१३ मध्ये. आदल्या वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पुन्हा मैदानात उतरले होते आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. १ फेब्रुवारी १९१३ रोजी सिनेटने सहा वर्षांच्या एकाच टर्मचा ठराव ४७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांश बहुमतासाठी हवी होती तेवढीच मतं पडली, एकही जास्त नाही.

पण प्रतिनिधिगृहात तो अडकला. नुकतेच निवडून आलेले वुड्रो विल्सन यांचा त्याला विरोध होता. खरं तर त्यांच्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात एका टर्मचं आश्वासन होतं. विल्सन यांचा मुद्दा असा की लोकांचा खरा आवाज नसलेल्या राष्ट्राध्यक्षासाठी चार वर्षंही जास्त आहेत, आणि मोठी सुधारणा करणाऱ्यासाठी ती अपुरी आहेत. मग निर्णय लोकांवरच सोडा. १९१६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले.

त्यानंतर हा प्रस्ताव कधीच इतका पुढे गेला नाही.

विरोधकांचा मुद्दा : सहा वर्षं कोणाला मिळणार?

विरोधकांचं सर्वांत मजबूत उदाहरण म्हणजे हर्बर्ट हूव्हर. ते मार्च १९२९ मध्ये पदावर आले. ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. १९३२ मध्ये मतदारांनी त्यांना घरी पाठवलं. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट आले तेव्हा दर चार कामगारांमागे साधारण एक बेरोजगार होता. टर्म सहा वर्षांची असती, तर हूव्हर मार्च १९३५ पर्यंत राहिले असते. बँका बुडत असताना देशाला आणखी दोन वर्षं वाट पाहावी लागली असती.

दुसरा मुद्दा आहे ‘लेम डक’चा. पुन्हा निवडून येणार नाही हे पक्कं असलेल्या नेत्याला हे नाव दिलं जातं. त्याचा पक्षही हळूहळू त्याचं ऐकेनासा होतो, कारण सगळ्यांचं लक्ष पुढच्या नेत्याकडे लागतं. एकाच टर्मच्या पद्धतीत राष्ट्राध्यक्ष पहिल्या दिवसापासूनच या रांगेत उभा राहील, असं टीकाकार म्हणतात.

तिसरा मुद्दा उत्तरदायित्वाचा. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (ज्युनियर) यांनी १९८० च्या दशकात या प्रस्तावाला कडाडून विरोध केला. मतदारांना सामोरं जायचं आहे ही जाणीवच नेत्याला जमिनीवर ठेवते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आणि फेरनिवडणूक समोर असली की कडू निर्णय होतच नाहीत, हेही पूर्ण खरं नाही. कार्टर यांनीच ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेवर नेमलं. महागाई रोखण्यासाठी व्होल्कर यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले. पुढच्याच वर्षी निवडणूक होती. कार्टर ती हरले.

आकडे काय सांगतात?

या वादात अंदाजांपेक्षा अभ्यास जास्त उपयोगी पडतात.

क्लाउडिओ फेराझ आणि फ्रेडरिको फिनान या अर्थतज्ज्ञांनी ब्राझीलमधल्या महापौरांचे सरकारी लेखापरीक्षण अहवाल तपासले. पुन्हा निवडणूक लढवू शकणारे महापौर आणि शेवटच्या टर्ममधले महापौर अशी तुलना त्यांनी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, फेरनिवडणुकीची आशा असलेल्या महापौरांकडून सरकारी पैशाचा गैरवापर २७ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं.

टिमोथी बेस्ली आणि ॲन केस यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांच्या गव्हर्नरांबद्दल असाच अभ्यास केला. पुन्हा निवडणूक लढवता न येणाऱ्या गव्हर्नरांच्या काळात कर आणि सरकारी खर्च वाढलेला आढळला.

म्हणजे हॅमिल्टन यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. फेरनिवडणूक नेत्याला प्रचारात गुंतवते, आणि तीच त्याला तिजोरीत हात घालण्यापासून काही प्रमाणात रोखतेही. दोन्ही परिणाम एकाच कारणातून येतात. म्हणून एक नको म्हणून काढायला गेलं की दुसराही निघून जातो.

कोणत्या देशात काय नियम?

- अमेरिका : चार वर्षं, कमाल दोन वेळा.
- मेक्सिको : सहा वर्षं, एकदाच.
- फिलिपिन्स : सहा वर्षं, एकदाच.
- दक्षिण कोरिया : पाच वर्षं, एकदाच.
- फ्रान्स : पाच वर्षं, सलग कमाल दोन वेळा.
- ब्राझील : चार वर्षं, सलग कमाल दोन वेळा.

मेक्सिको : माणूस बदलला, पक्ष तोच

पोर्फिरिओ दियाझ यांनी १८७६ मध्ये ‘फेरनिवड नको’ या घोषणेवर बंड करून सत्ता मिळवली. मग मधली चार वर्षं सोडली तर १९११ पर्यंत स्वतःच राज्य केलं. त्यांच्याविरुद्ध क्रांती झाली तीही त्याच घोषणेवर. १९१७ च्या घटनेत फेरनिवडीवर बंदी आली. १९२० च्या दशकात ती सैल करण्यात आली आणि माजी राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगॉन १९२८ मध्ये पुन्हा निवडून आले, पण पद स्वीकारण्याआधीच त्यांची हत्या झाली. नंतर बंदी पुन्हा पक्की झाली.

तिथे दर सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष नियमाने बदलला. पण १९२९ पासून २००० पर्यंत एकच पक्ष सत्तेत राहिला आणि मावळता राष्ट्राध्यक्षच आपला वारस निवडायचा. निवडणुकीचं अर्थकारणही संपलं नाही. १९९४ च्या निवडणूक वर्षात सरकारने चलनाचा दर धरून ठेवला. १ डिसेंबरला एर्नेस्टो झेदिओ पदावर आले आणि त्याच महिन्यात पेसो कोसळला. मावळत्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःसाठी मतं नको होती, पक्षासाठी हवी होती.

दक्षिण कोरिया : एकाच टर्मचा कंटाळा

लष्करी हुकूमशहा पार्क चुंग-ही यांनी १९६९ मध्ये घटना बदलून तिसऱ्या टर्मची सोय केली आणि १९७२ मध्ये तर मर्यादाच काढून टाकली. १९७९ मध्ये त्यांची हत्या झाली. १९८७ च्या जनआंदोलनानंतर आलेल्या घटनेत पाच वर्षांची एकच टर्म ठरली. पुन्हा कोणी खुर्चीला चिकटून बसू नये, हा हेतू होता.

तो हेतू साध्य झाला. पण टर्मच्या उत्तरार्धात राष्ट्राध्यक्ष दुबळा होतो, दीर्घकालीन धोरणं पुढे जात नाहीत, अशा तक्रारी वाढल्या. रो मू-ह्युन यांनी २००७ मध्ये आणि मून जे-इन यांनी २०१८ मध्ये चार-चार वर्षांच्या दोन टर्मचा प्रस्ताव मांडला. दोन्ही वेळा तो बारगळला. पद सोडल्यावर तुरुंगात गेलेल्या राष्ट्राध्यक्षांची यादीही मोठी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युन सक-योल यांनी मार्शल लॉ लावण्याचा प्रयत्न केला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांना पदावरून हटवण्यात आलं. एकाच टर्मच्या नियमाने तेही रोखलं गेलं नाही. जूनमध्ये निवडून आलेले ली जे-म्युंग यांनीही प्रचारात चार वर्षांच्या दोन टर्मचीच बाजू मांडली होती.

ब्राझील आणि फ्रान्स : उलटा प्रवास

ब्राझीलमध्ये आधी फेरनिवडीला बंदी होती. १९९७ मध्ये फर्नांडो हेन्रिक कार्डोसो पदावर असतानाच घटनादुरुस्ती होऊन ती उठली आणि १९९८ मध्ये ते स्वतः पुन्हा निवडून आले. निवडणूक होईपर्यंत सांभाळलेलं चलन जानेवारी १९९९ मध्ये घसरलं. २०२० मध्ये कार्डोसो यांनी फेरनिवडीला पाठिंबा देणं ही आपली चूक होती, असं जाहीरपणे लिहिलं. २०२५ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने फेरनिवड रद्द करून पाच वर्षांची टर्म करण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. पुढचे टप्पे पार केल्याशिवाय तो लागू होऊ शकत नाही.

फ्रान्सने टर्म कमी केली. तिथे राष्ट्राध्यक्षाला सात वर्षं मिळायची, संसदेला पाच. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा आणि पंतप्रधान दुसऱ्या बाजूचा, अशी ओढाताण तीनदा झाली. सप्टेंबर २००० मधल्या सार्वमतात लोकांनी पाच वर्षांच्या टर्मला कौल दिला. मतदान मात्र जेमतेम ३० टक्के झालं. २००८ मध्ये सलग दोन टर्मची मर्यादा आली, म्हणूनच इमॅन्युएल मॅक्रॉन २०२७ मध्ये उभे राहू शकत नाहीत.

मधला मार्ग आहे का?

राज्यशास्त्रज्ञ लॅरी सबाटो यांनी २००७ मध्ये एक वेगळा पर्याय सुचवला. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षं द्यायची आणि शेवटी लोकांचा कौल घेऊन हवं तर दोन वर्षं वाढवायची. एकूण आठच वर्षं, पण मध्ये पूर्ण प्रचाराची धामधूम नाही.

जॉन्सन यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या टोकाने विचार केला होता. प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांची टर्म दोनऐवजी चार वर्षांची करून ती राष्ट्राध्यक्षाच्या टर्मशी जोडावी, म्हणजे मध्यावधीचा व्यत्यय कमी होईल. काँग्रेसने तेही स्वीकारलं नाही.

टर्मला हात न लावताही काही गोष्टी करता येतात. प्रचाराच्या निधीवर मर्यादा, सरकारी साधनांच्या वापराचे कडक नियम, अनुदानवाटपाची ठरलेली सूत्रं आणि मध्यवर्ती बँकेचं स्वातंत्र्य. १९७२ मध्ये जे घडलं, त्यातलं बरंचसं या उपायांनीही अवघड झालं असतं.

बदल इतका कठीण का?

अमेरिकेत घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. त्यात प्रत्येक प्रस्तावाकडे फायदा कोणाचा या नजरेनेच पाहिलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये टेनेसीतले रिपब्लिकन खासदार अँडी ओगल्स यांनी तिसऱ्या टर्मची मुभा देणारी दुरुस्ती मांडली. अट अशी की आधीच्या दोन टर्म सलग नसाव्यात. म्हणजे ट्रम्प यांना मुभा, पण सलग आठ वर्षं पूर्ण केलेल्या बिल क्लिंटन, जॉर्ज बुश आणि ओबामा यांना नाही.

दक्षिण कोरियाच्या घटनेत या धोक्यावर नेमका उपाय आहे. टर्म वाढवणारी किंवा फेरनिवडीची मुभा देणारी दुरुस्ती झाली, तरी ती प्रस्तावाच्या वेळी पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला लागू होत नाही. नियम बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण तो पुढच्या माणसासाठी.

म्हणून टर्म बदलण्याचा कोणताही प्रस्ताव वाचनात आला, तर तीन प्रश्न विचारून पाहावेत. बदलाचा फायदा आज खुर्चीवर असलेल्या व्यक्तीला होणार आहे का? नेता चुकीचा निघाला, तर त्याला घरी पाठवायला लोकांना किती वर्षं थांबावं लागेल? आणि त्याला पुन्हा मतं मागायचीच नसतील, तर त्याच्यावर वचक कोणाचा राहील : संसदेचा, न्यायालयाचा, पक्षाचा की कोणाचाच नाही?

सहा वर्षांची एकच टर्म राष्ट्राध्यक्षाचा वेळ नक्कीच वाचवेल. पण १९३२ मध्ये अमेरिकी मतदारांनी हूव्हर यांना बदलण्यासाठी जी संधी वापरली, ती मात्र त्या बदल्यात सोडावी लागेल.